एक मार्चची कोंबडी

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. आडॉल्फ स्कालकाने माझ्या कॅफेत एकोणचाळीस वर्षं कॉफी ढोसली आणि एकदाही टेबलावर माझ्यासाठी एक नाणं ठेवलं नाही. उलट जाताना कागदी रुमाल घडी करून खिशात घालायचा. एक आपला वापरलेला आणि दोन शेजारच्या टेबलावरचे कोरे.

त्याच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, बिचाऱ्याला जेवू घालावं. पँटला पट्ट्याच्या जागी गवताच्या गठ्ठ्याची सुतळी. पिकअपचं दार तारेने बांधलेलं, त्यामुळे आत शिरायचं ते पलीकडच्या बाजूने. आणि हाच माणूस कॅफेत आला की बँकेचा मॅनेजर खुर्चीतून उठून उभा राहायचा. क्लाड्नो गावाच्या दक्षिणेला नदीपर्यंत जेवढी काळी जमीन दिसते, ती सगळी आडॉल्फची. कुणाचं शेत मोडीत निघालं की हा रोख पैसे घेऊन हजर. घराच्या छताला मात्र गळती. तिच्याखाली बादली ठेवलेली होती, आणि ती बादलीसुद्धा कुणाच्या तरी लिलावात फुकट मिळालेली.

बाहेरच्या लोकांना श्रीमंत शेतकरी म्हणजे काय वाटतं कोण जाणे. आमच्या नेब्रास्कात श्रीमंत शेतकरी असा असतो. जमीन हीच त्याची श्रीमंती, आणि ती तो मेल्याशिवाय हातची सोडत नाही. पोटच्या पोराच्या हातातसुद्धा देत नाही.

आडॉल्फला तीन मुलं. डेनिस शिकून ओमाहाला दातांचा डॉक्टर झाला. जॅनिस लग्न करून ॲरिझोनाच्या उन्हात गेली. मधला रेमंड शेतावर राहिला, कारण कुणीतरी राहायला हवंच होतं. अठराव्या वर्षी तो बापाच्या ट्रॅक्टरवर बसला. बाप दर थँक्सगिव्हिंगला टर्कीचा तुकडा तोंडात धरून म्हणायचा, "हे सगळं एक दिवस तुझंच आहे, रेमंड." रेमंड मान हलवायचा. त्याला ठरलेला पगार नव्हता. बापाला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं मिळायचं.

रेमंडने आर्लीनशी लग्न केलं. ही गोष्ट तिची आहे. आर्लीन म्हणजे बुटकी, रुंद, कमी बोलणारी बाई. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. बर्फाच्या वादळातही तिची बस कधी खड्ड्यात गेली नाही, आणि तिच्या बसमध्ये कधी कुठल्या पोराने पोराला मारलं नाही. आरशातून नुसतं बघायची. तेवढं पुरायचं.

मोठ्या घराच्या अंगणातच गड्यासाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं, त्यात ते दोघं राहायचे. न्हाणीघर रेमंडने स्वतः मागून जोडलं. मांस यायचं ते आडॉल्फच्या डीप फ्रीझरमधून. फ्रीझरला कुलूप, किल्ली म्हाताऱ्याच्या सुतळीला. काय काढायचं ते तोच ठरवायचा, आणि सुनेच्या वाट्याला माना, पाठी नि सुपाची हाडं यायची. मूलबाळ झालं नाही, म्हणून कॅफेत चार माणसांत म्हणायचा, "आमच्या आर्लीनचं शेत पडीकच राहिलं हो!" लोक हसायचे. मी हसले नाही असं सांगितलं असतं, पण पहिल्या वर्षी मीही हसले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

आता त्या पट्टीबद्दल. स्कालकांच्या जमिनीला उत्तरेला रस्ता आहे, दक्षिणेला नदी. मधून आडवी रेल्वे जायची. रेल्वेच्या वर चढाची, गुरं चारायची जमीन. रेल्वेच्या खाली नदीकाठची, जिथे काठी रोवली तरी मका येतो अशी. शहाऐंशी साली रेल्वेने ही लाईन बंद केली, रूळ उचलून नेले आणि शंभर फूट रुंदीची ती पट्टी लगतच्या शेतमालकांना अगदी मातीमोल देऊ केली. सगळ्यांनी घेतली. आडॉल्फने पत्र माझ्या टेबलावर आपटलं.

"माझ्या आजोबांनी रेल्वेला दिलेली माती मी परत विकत घेऊ? झक मारतात! पडू दे तशीच. कोण येतंय घ्यायला?"

आर्लीन आली. बसच्या पगारातून तिने ती पट्टी स्वतःच्या नावावर घेतली. मी विचारलं, "अगं, काय करणारेस त्या खडीचं?" म्हणाली, "जंगली प्लम लावीन. बर्नीस, या जगात माझ्या नावाचं काहीतरी असावं असं वाटलं, बस."

पुढच्या वर्षी एक मार्चला आडॉल्फ नांगर घेऊन खालच्या शेतात निघाला तर पट्टीच्या तोंडाशी फाटक. फाटकाला साखळी. पलीकडे कोट घालून आर्लीन उभी.

"डॅड, विचारून जायचं," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

ही बातमी त्याच्या आधी माझ्या कॅफेत पोचली होती. तो आला तेव्हा सगळी टेबलं वाटच बघत होती. शेजारचा शेतकरी जेरी बार्टेक म्हणाला, "काय आडॉल्फ, सुनेने नाक दाबलं म्हणे!" म्हाताऱ्याचं तोंड बीटासारखं झालं. रागावला असता तर हरला असता, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने थट्टा केली. घरी जाऊन खुराड्यातली सगळ्यात म्हातारी, अंडी बंद झालेली कोंबडी पाय बांधून आणली आणि माझ्या काउंटरवर ठेवली. आर्लीन आणि रेमंडला बोलावून घेतलं. मग टोपी काढून, कमरेत वाकून म्हणाला, "राणीसरकार, ही जकात. आता या गरिबाला वर्षभर जायची परवानगी आहे का?"

कॅफे कोसळलं हसून. रेमंड आपल्या बुटांकडे बघत होता.

मी म्हटलं, "लिहून दे बाबा, नाहीतर उद्या दुसरी मागेल." मी गमतीत म्हटलं होतं. पण गंमत आणखी रंगतेय म्हटल्यावर आडॉल्फने भिंतीवरचं बियाणं कंपनीचं कॅलेंडर ओढलं आणि मार्चच्या पहिल्या चौकोनात लिहिलं: आर्लीनच्या पट्टीवरून एक वर्ष जाण्याच्या परवानगीबद्दल एक कोंबडी. खाली सही. जेरीने साक्षीदार म्हणून सही केली.

आर्लीनने कोंबडी काखेत मारली. "आहे परवानगी," म्हणाली आणि निघाली. संध्याकाळी तिने त्या कोंबडीचं शेवया घातलेलं सूप केलं आणि एक वाडगं सासऱ्याला पाठवलं. त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. फुकटचं होतं ना.

त्याला ही थट्टा इतकी आवडली की दर एक मार्चला कोंबडी येऊ लागली. तीच टोपी, तेच वाकणं, तेच राणीसरकार, नव्या कॅलेंडरवर तेच लिहिणं आणि खाली कुणाची तरी साक्ष. दरवर्षी कोंबडी आदल्या वर्षीपेक्षा म्हातारी. एकदा एका डोळ्याने आंधळी आणली. वर्ष संपलं की मी ते कॅलेंडर मागच्या खोलीत खिळ्यावर अडकवायची. मी काही टाकून देत नाही. तेवढं एक आडॉल्फकडून शिकले.

दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात रेमंड गेला. अठ्ठावन्न वर्षांचा होता. नदीकाठच्या शेतात मका काढताना कंबाईनच्या केबिनमध्ये छातीत कळ आली. आर्लीन जेवणाचा डबा घेऊन गेली तेव्हा यंत्र चालूच होतं, कुंपणाला नाक लावून एका जागी घुरघुरत. चाळीस वर्षं राबला, पण त्याच्या नावावर एक एकर नव्हता. अंगातला कोटही बियाणं कंपनीने फुकट दिलेला.

दफनानंतरच्या जेवणात आडॉल्फने सगळ्यांदेखत आर्लीनचा हात हातात घेतला. "पोरी, काळजी करू नकोस. तुझी सोय मी कागदावर करून ठेवलीय."

त्या वाक्यावर तिने त्याचं चार वर्षं केलं. ऐंशीच्या पुढचा हट्टी म्हातारा. त्याला न्हाऊ घातलं, नखं काढली, चादरी धुतल्या. डेनिस ख्रिसमसला यायचा, तासभर बसायचा आणि जाताना बापाच्या जमिनीवरून नजर फिरवून जायचा. आणि हो, एक मार्चला आर्लीनच आडॉल्फला गाडीतून माझ्याकडे आणायची. मागच्या सीटवर कोंबडी. त्याला धरून पायरी चढवायची, मग तो तिच्याच खांद्याचा आधार घेऊन वाकायचा आणि म्हणायचा, "राणीसरकार, परवानगी आहे का?" मला ते बघवायचं नाही. मी कॉफीच्या यंत्राकडे तोंड करायची.

चौदा साली, पानगळीच्या दिवसांत म्हातारा मेला. मृत्युपत्र वाचलं. जमीन 'हयात असलेल्या मुलांना' सारखी. म्हणजे डेनिस आणि जॅनिस. रेमंड हयात नव्हता, त्याला मूल नव्हतं, विषय संपला. सुनेचा उल्लेख एकदाच होता: 'आर्लीन हिला डीप फ्रीझर, आतल्या मांसासह.'

ती ते वाचून घरी आली आणि कुलूप काढलं. मी तिच्याबरोबर होते. वरच्या थरात हाडं, माना. खाली हात घातला तर कागदात गुंडाळलेले उत्तमातले उत्तम तुकडे, जाडजूड स्टेक, कमरेचं मांस. प्रत्येकावर पेन्सिलीने साल. अठ्ठ्याण्णव. एक्क्याण्णव. एक तर सत्त्याऐंशीचं. बर्फाने पांढरे पडलेले, लाकडासारखे कडक, कुत्र्यानेही खाल्ले नसते. हिला दिले नाहीत आणि स्वतःही खाल्ले नाहीत.

"बघ," आर्लीन म्हणाली. "सोय केली होती."

मग ती हसायला लागली. मला वाटलं आता रडेल. नाही रडली.

तिने डेनिसकडे एकच मागितलं. जमीन नको, मोठं घर नको. ते दोन खोल्यांचं घर तेवढं राहू द्या, मी मरेपर्यंत. डेनिस माझ्याच कॅफेत तिच्यासमोर बसला होता, चकचकीत बूट घालून.

"आर्लीन, तू मनाला लावून घेऊ नकोस, पण डेन्व्हरचा एक गुंतवणूकदार येतोय. त्यांना सलग, मोकळी जमीन लागते. अंगणातलं सगळं पाडून तिथे मका लावणार. तू एक मार्चपर्यंत घर रिकामं कर."

"रेमंडने ते न्हाणीघर हाताने बांधलं."

"अगं, ते घर आहे की खोकं? कशाला जीव अडकवतेस?"

"एक मार्चपर्यंत," आर्लीन म्हणाली.

"हो. तशीच रीत आहे ना इकडे? जागा सोडायची ती एक मार्चला."

"आहे खरी," ती म्हणाली आणि कॉफी संपवली. डेनिस गेल्यावर माझ्याकडे वळली. "बर्नीस, ती जुनी कॅलेंडरं तू फेकलीस का?"

सकाळचे ग्राहक सोडून मी मागची खोली उघडली. पिठाच्या डब्यांमागे, खिळ्यावर, एकावर एक. अठ्ठावीस. प्रत्येकाच्या मार्चमध्ये आडॉल्फचं ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर. आम्ही ती खोक्यात भरून तालुक्याच्या गावी एका वकीलबाईकडे नेली. लहानपणी ती आर्लीनच्या बसमध्ये तिसऱ्या रांगेत बसायची. तिने सगळी चाळली, मग चष्मा काढला.

"मिसेस स्कालका, जो वर्षानुवर्षं न विचारता दुसऱ्याच्या जमिनीवरून जातो, त्याचा हळूहळू हक्क होतो. जो दरवर्षी विचारून, काहीतरी देऊन जातो, त्याचा कधीच होत नाही. तुमच्या सासऱ्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की त्यांना हक्क नाही."

"त्यांना कोर्टात जाता येईल?"

"येईल. तीन-चार वर्षं भांडतील. आणि भांडणातली जमीन तोवर कोण विकत घेणार?"

परतीच्या वाटेवर गाव आलं तेव्हा आर्लीन म्हणाली, "सूप त्याला दरवर्षी आवडायचं."

लिलाव फेब्रुवारीत होता, गावच्या सभागृहात, सोकोल हॉलमध्ये. असा लिलाव म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा मोठा. सगळा तालुका आला होता. भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभा. बायकांनी कोलाचे, म्हणजे खसखस नि प्रून भरलेले गोड पाव, आणले होते. डेन्व्हरचा माणूस पहिल्या रांगेत, मांडीवर कातडी फाइल. जॅनिस खास विमानाने आलेली, फेब्रुवारीतही उन्हाने भाजलेली. लिलाववाल्याने अटी वाचल्या आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

आर्लीन उभी राहिली. बस चालवायचा तोच निळा कोट.

"नदीकाठच्या शेतात जायला माझ्या पट्टीवरून जावं लागतं. परवानगी एक मार्चला संपते. पुढची मी दिलेली नाही."

डेनिस हसला. "काहीतरी काय! आमचं कुटुंब तीस वर्षं तिथून जातंय. तो हक्क झालाय आमचा. वकिलाला विचार."

मग मी उठले. खोकं जड होतं. जेरी बार्टेक धरायला आला. लिलाववाल्याने वरचं कॅलेंडर उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि त्याच्या त्या खणखणीत आवाजात वाचलं: "आर्लीनच्या पट्टीवरून एक वर्ष जाण्याच्या परवानगीबद्दल एक कोंबडी. आडॉल्फ स्कालका." त्याने दुसरं उघडलं. "एक कोंबडी." तिसरं. "एक कोंबडी, आंधळी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते म्हातारे तर डोळे पुसत होते. आडॉल्फने लोकांना तिच्यावर अठ्ठावीस वर्षं हसवलं होतं, ते सगळं हसू त्या दिवशी एकदम परत आलं आणि त्याच्या पोरांच्या अंगावर पडलं. मला इतका आनंद झाला की त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

डेन्व्हरच्या माणसाने फाइल बंद केली, शेजारच्याला काही विचारलं आणि कोट घालायला लागला.

लिलाववाल्याने तरीही पुकारलं. त्याचं काम होतं. "किती? कुणी बोला. कितीही." हातोडी वर. चाळीस वर्षं त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला जेरी छताकडे बघत होता. कुणाचा हात खिशातून बाहेर आला नाही. दोनदा पुकारून त्याने हातोडी खाली ठेवली, हळूच, आवाज न करता.

जॅनिस तिथेच किंचाळली. "ही चोरी आहे! डॅडच्या थट्टेचा फायदा घेतलास तू!"

"थट्टा त्यांची होती," आर्लीन म्हणाली. "मी तर दरवेळी परवानगीच देत होते."

डेनिस तिच्या मागोमाग पार्किंगपर्यंत आला. पट्टीची काय हवी ती किंमत सांग म्हणाला. कोरा चेक लिहून देतो म्हणाला.

"पट्टी विकायची नाही."

"मग पाहिजे तरी काय तुला?"

"घर. अंगण मोकळं हवं ना तुला? मोकळं कर. घर उचल आणि माझ्या पट्टीवर नेऊन ठेव. न्हाणीघरासकट. मग एक वर्षाची परवानगी देईन. कोंबडी घेऊन."

घर उचलणारे लोक आमच्याकडे असतात. खाली लोखंडी तुळया सरकवतात आणि अख्खं घर चाकांवर घालतात. बर्फ वितळायच्या आत ते घर अंगणातून निघालं आणि बैलगाडीच्या वेगाने पट्टीवर आलं. डेनिसच्या खर्चाने. खालच्या शेतात जायच्या वाटेला अगदी लागून बसवलं. कंबाईन जेमतेम जाईल एवढी जागा आर्लीनने स्वतः खुंट्या मारून आखून दिली. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर फाटकावर. फ्रीझरही आला. आतलं सगळं तिने आधी नदीकाठी पुरून टाकलं होतं.

तेव्हापासून ती जमीन विकली गेलेली नाही. जेरी ती खंडाने करतो. पण मालक डेनिस आणि जॅनिस, आणि जॅनिस तिकडे ॲरिझोनात, त्यामुळे एक मार्चला यायचं ते डेनिसनेच. पत्र चालत नाही, वकील चालत नाही. पहिल्या वर्षी त्याने दुकानातून साफ केलेली कोंबडी प्लॅस्टिकमध्ये आणली. आर्लीनने त्याला परत पाठवलं. मग हे दातांचे डॉक्टर बापाच्या खुराड्यात शिरले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. कपाळावर ओरखडा, बुटांवर कोंबड्यांची घाण. जेरी म्हणाला, "डॉक्टर, हिला तोंड उघडायला सांगायचं होतं." आता डेनिसला सगळ्यात म्हातारी कोंबडी ओळखता येते.

यंदाचा एक मार्च त्याचा सातवा. पासष्टी ओलांडलीय त्याने, गुडघे गेलेत. त्या दिवशी मी आर्लीनच्या स्वयंपाकघरात होते. आता कॅफे मी भाचीला दिलंय, पण कॅलेंडर घेऊन मीच जाते. बाहेर वारा सुटलेला. डेनिस फाटकापाशी उभा, हातात कोंबडी, टोपी काखेत. कारण टोपी काढूनच विचारायचं. आम्ही कॉफी पीत होतो. आर्लीनने आपल्या कपात आणखी ओतली.

मला त्याची दया आली असं नाही. पण वारा फारच होता.

"आर्लीन," मी म्हटलं, "किती वेळ उभा करशील त्याला? आणि हे किती वर्षं चालवायचं?"

तिने खिडकीतून बघितलं. त्याच्यामागे प्लमची झाडं, आणि त्यांच्या पलीकडे ते शेत, जिथे रेमंड गेला त्या दिवशी कंबाईन कुंपणाला नाक लावून घुरघुरत होतं.

"रेमंड चाळीस वर्षं थांबला," ती म्हणाली. "डेनिसची आत्ता कुठे सात झाली."

तिने कप धुतला, पालथा घातला आणि मग सावकाश कोट घालायला गेली.